दादांचं पुसलेलं नाव

परतूरच्या शाळेत चौथा तास चालू होता. जालन्याहून आलेल्या गाडीतल्या कुणीतरी स्टेशनवर सांगितलं आणि शिपाई धावत वर्गात आला… सटवाजीदादा गेले. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. आज चार वर्षांनी लिहितोय, ते एक गोष्ट कबूल करायची आहे म्हणून.

दादा आमच्या बौद्धवाड्यातले पहिले आमदार. शाळा सांभाळून त्यांचा पत्रव्यवहार मीच बघायचो. आपला पहिला उपग्रह आकाशात गेला त्या वर्षी एका सोहळ्यात त्यांना पितळेची तळहाताएवढी तबकडी मिळाली. वर उपग्रहाची उठावदार आकृती, खाली काळ्या रंगात दादांचं नाव. ती घेऊन परतले तेव्हा स्टेशनवर उतरल्या उतरल्या त्यांनी ती हमालांच्या हातात दिली. म्हणाले, "बघा, आपलं यंत्र वर फिरून राह्यलंय."

पुढं गावात सत्काराची सभा ठरली. तबकडी लख्ख दिसावी म्हणून मी सकाळीच दादांच्या घरी वहिनींकडून चिंच मागून आणली आणि समईसारखी घासली. पितळ उजळलं, पण पाणी काळं झालं. बघतो तर नाव साफ गेलेलं.

दादांना म्हणालो, "आली तवाच पुसट होतं." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, बस.

सभेत एकानं तबकडी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "नाव कुठंय आमदारसाहेब? का बाजारातून आणली जल्दी जल्दी?" मागची मंडळी हसली. आमच्या वाड्यातल्या माणसाला असला मान मिळेलच कसा, हे त्या हसण्यात होतं. एका वाक्यानं मी ते थांबवू शकलो असतो. मी माना खाली घातलेल्यांत बसलो.

दादा शांतपणे म्हणाले, "नावाचं सोडा. यंत्र देशाचं हाय. हातात घ्या, पुढं द्या." तबकडी मागच्या रांगेपर्यंत फिरली. हसणाऱ्यांनीही ती दोन्ही हातांनी धरली. माझ्या आयुष्यात इतका अभिमान आणि इतकी लाज एकाच वेळी कधी वाटली नाही. त्यानंतर दादा ती पिशवीत घालून हसनाबादपर्यंतच्या शाळांत फिरले. काचेत बिलकुल ठेवली नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर वहिनींना सगळं सांगितलं. त्या जराशा हसल्या. "चिंच मीच दिल्ती न्हाई का, भावजी? त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. म्हणले, मास्तरानं माझ्या मानापायीच घासलं, त्याला कुणी बोलायचं न्हाई." मंग आत जाऊन तबकडी आणली आणि माझ्या हातात ठेवली.

आता ती माझ्या वर्गात, टेबलावर उघडी असते. पोरांच्या अंगठ्यांनी उपग्रहाच्या कडा गुळगुळीत झाल्यात. मी पितळ घासत नाही. खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून दर नव्या वर्गाला सांगतो, इथं कुणाचं नाव होतं… आणि ते कुणी पुसलं.