खवल्या मांजर आणि आमचे शहाणे

चार शिकलेली माणसं जंगलात सोडा, किस्से आपोआप जमतात. माझ्याकडे तर साठाच झालाय, आणि एकेक आठवला की डोकं नव्यानं तापतं!

सिंगापूरच्या उत्तरेला जंगलाचं पार्क आहे. आम्ही काही मराठी मंडळी दर रविवारी सकाळी तिथे प्राणी मोजायला जातो. यंदा एका झाडीतून दिव्यांचा रस्ता काढायचं घाटत होतं. तिथे खवल्या मांजर राहतं असा पुरावा दिला तरच रस्ता वळणार. नाहीतर बिचाऱ्याचं घर गेलं!

*

बापट तांजोंग पगार भागातल्या बँकेत आहेत. पहिल्याच दिवशी सेंट मारून हजर!

"बापट, मोजणीला आलात की वरातीला?"

"वहिनी, घाम येतो हो."

"येऊ द्या! तुमच्या सेंटनं मीच पळून जाईन, तिथे जनावर कुठलं थांबतंय?"

*

कुलकर्णी सर आमचे म्होरके. डॉक्टरेट केलेले. त्यांनी झाडाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला, तोही स्वतःच्या छातीच्या उंचीवर. महिन्यानं उघडला तर सगळे फोटो त्यांचेच!

"खवल्या मांजर काय उभं राहून फोटो काढून घेणार आहे?"

"वहिनी, वाकलं की कंबर धरते."

*

मग मला मुंग्यांच्या चुऱ्यानं भरलेली लेंडी सापडली, मुंग्या खाणाऱ्या खवल्या मांजराचीच. सर म्हणाले, जपून ठेवा. मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली. सोमवारी सुनेनं फ्रीज साफ केला. अकराव्या मजल्यावरून पुरावा थेट कचरा खाली टाकायच्या नळीत! वर मलाच विचारते, "आई, फ्रीजमध्ये शी कोण ठेवतं?"

नातू नाक दाबून त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणतो, "सो ग्रॉस लाह!"

*

माझं माहेर कोकणातलं, रानाला लागून. मी सरांना बीळ दाखवलं, नखांचे ओरखडे दाखवले. त्यांनी मोबाईल काढला. "ॲपमध्ये मॅच होत नाही, वहिनी. उंदराचं असेल."

एवढा मोठा उंदीर? सिंगापुरात? असा संताप आला! मीच चिखलात गुडघे टेकले आणि कॅमेरा बिळासमोर, वीतभर उंचीवर बांधला.

*

पुढच्या रविवारी फोटोत खवल्या मांजर! शेपटीवर पिल्लू!

ऑनलाइन फॉर्म भरायला बसलो. शोधणाऱ्याच्या शिक्षणाच्या रकान्यात डिप्लोमाच्या खालचा पर्यायच नाही. मी चौथी पास. सर हळूच म्हणाले, "वहिनी, माझं नाव टाकू?"

"टाका. रस्ता वळू दे."

रस्ता वळला. पार्कच्या मोठ्या मॅडम स्वतः आल्या. सरांचा हात हातात घेऊन विचारलं, "डॉक्टर, एवढ्या झाडीत नेमकं बीळ ओळखलंत कसं?"

सर माझ्याकडे बघायला लागले. बापटही.

मी म्हटलं, "सांगा ना, सर. आम्हालाही कळू दे!"