मधली फाईल

ऑफिसात त्यांना सगळे ‘तपासनीसबाई’च म्हणत. वीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापखाना बंद पडल्यावर, पंचेचाळिशीत, त्या जावा ही संगणकाची भाषा शिकायला गेल्या. नणंदेने विचारलं होतं, वहिनी, या वयात ही उठाठेव कशाला? बाई हसल्या आणि दुसऱ्या दिवशी क्लासला जाऊन बसल्या.

क्लासनंतर नोकरी लागली, त्या ऑफिसचं काम औषधांच्या माहितीपत्रकांचं. मजकूर एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या फाईलमध्ये, यायचा आणि जावातला प्रोग्राम त्याची पीडीएफ करायचा. एका मंगळवारी औषध कंपनीची तक्रार आली. एका पत्रकातल्या चौकटीतून ‘गोळी चावू नये’ ही शेवटची ओळ गायब होती.

मजकूर सांभाळणाऱ्याने एक्सएमएल उघडून दाखवलं, ओळ जागच्या जागी होती. पीडीएफवाला म्हणाला, माझ्या हातात आलं ते मी उमटवलं. दोन दिवस नुसती तू तू मैं मैं चालली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, “या दोन्हींच्या मध्ये काय तयार होतं?”

मध्ये पानाची मांडणी तयार होत होती, कुठली ओळ कुठे, किती जागेत बसवायची ते सांगणारी. पण ती प्रोग्रामच्या पोटातून परस्पर पुढे जायची. आजवर तिचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं.

बाईंनी प्रोग्राममध्ये चार ओळी लिहून ती मांडणी वेगळ्या फाईलमध्ये उतरवली, कागदावर छापली आणि पट्टी-पेन्सिल घेऊन बसल्या. सवयीने ओठ हलवत एकेक ओळ वाचत गेल्या. नवव्या पानावर पेन्सिल थांबली. सूचना तिथे पूर्ण होती. पण तिच्या चौकटीची उंची जेमतेम दोन ओळींची, आणि हुकूम असा की मावणार नाही ते झाकून टाकावं. सूचना तर तीन ओळींची.

चौकटीशेजारी ती कुणी बांधली त्याची नोंद होती. बाईंना कानकोंडं झालं. तरी त्या उठून दोघांच्या टेबलापाशी गेल्या.

“तुम्हा दोघांची काही चूक नाही. ही चौकट मीच बांधली, गेल्या वर्षी. दोन ओळींपुरतीच.”

पीडीएफवाला हसला आणि तिघांसाठी चहा घेऊन आला. बाईंनी उंचीचा आकडा काढून टाकला. चौकट मजकुराबरोबर वाढू लागली आणि ओळ पीडीएफमध्ये उमटली.

साहेबांना त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, आणि जुनी पत्रकंही तपासायला मागून घेतली. आणखी दोन चौकटी सापडल्या. चार दिवस लागले, पण हातात पेन्सिल आणि समोर ओळी असल्यावर बाईंना कंटाळा कसला येतो?