शेऱ्याचा रकाना

द्वारका चौकाजवळच्या त्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले, ती आमचा बिल्टीचा प्रोग्रॅम बसवायला. बिल्टी म्हणजे मालाबरोबर ट्रकने जाणारा कागद. माल कुणाचा, नग किती, उतरवायचा कुठे. मला खुर्ची दिली होती, पण तिच्यावर जुन्या बिल्ट्यांचा गठ्ठा होता. तो खाली ठेवू का, एवढं विचारायचंही मला धाडस झालं नाही. मी उभ्यानेच काम सुरू केलं. शेवटी तिथल्या ऑपरेटर बाईंनी गठ्ठा उचलला आणि म्हणाल्या, "बसा ना मॅडम. उभ्याने केलं म्हणून कॉम्प्युटर लवकर ऐकतो का?"

दोन हजार सालानंतरचे दिवस होते. मी कॉलेज संपवून गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात लागले होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यातून मुळात बुजरी. घरी सरळ मराठी बोलणारी मी परक्या माणसांसमोर घाबरले की इंग्रजीत शिरत असे. तिथे वाक्यं तयार असायची. आई म्हणायची, "लोक तुला शिष्ट समजतात गं." ते मला माहीत होतं, आणि लाजरी समजण्यापेक्षा शिष्ट समजलेलं मला बरं वाटायचं.

त्या दिवशीही तसंच झालं. बाईंनी सहज म्हणून एक बटण दाबलं, तर मी म्हणाले, "प्लीज, डोन्ट टच." शेठनी विचारलं, हे सगळं तुम्ही एकट्या बघता का, तर मी म्हणाले, "ॲक्च्युअली सर, आय ॲम हँडलिंग द एन्टायर सिस्टीम." ते खरंही नव्हतं. सगळं आमचे सर बघायचे, मी त्यांच्या हाताखाली होते. बाई माझ्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. मला वाटलं, त्यांना समजत नाहीये.

काही महिन्यांनी एका दुपारी प्रोग्रॅम बंद पडला. बिल्टी अर्धवट राहिली, भरलेली गाडी फाटकात उभी. शेठनी फोनवर सरांना जे ऐकवलं ते मला पलीकडच्या टेबलावर ऐकू आलं. "कॉम्प्युटर घ्या म्हणालात, माणूस कमी लागेल. आता माणूस लागतोच, वर तुमचाही माणूस लागतो! तुमची चूक असेल तर सांगा. आमच्या बाईंनी काही खेळ केला असेल तर तेही सांगा, त्या उद्यापासून घरी बसतील. पण मला तोंडी नको. कागद दाखवा."

कागद दाखवणं ही आमच्या ऑफिसची पद्धतच होती. प्रोग्रॅम चालत असतो तेव्हा त्याचं सगळं मेमरीत असतं: टाईप केलेली अक्षरं, आकडे, पुढे कुठे जायचं त्याचे पत्ते. तो अचानक मेला, तर मरतानाची ती सगळी मेमरी सिस्टीम एका फाइलमध्ये ओतून ठेवते. तिला कोअर फाइल म्हणतात. डीबगर नावाच्या प्रोग्रॅमने ती उघडली की मेलेला प्रोग्रॅम जिथे थांबला तिथेच उभा असलेला दिसतो. कुठल्या ओळीवर होता, हातात काय होतं, सगळं वाचता येतं. त्यातला कामाचा भाग आम्ही लांबलचक कागदावर छापायचो आणि गिऱ्हाइकाला द्यायचो. सर त्याला पंचनामा म्हणत. "बघायचं, लिहून घ्यायचं. प्रेताला हात लावायचा नाही."

सरांनी ती फाइल फ्लॉपीवर आणून माझ्यापुढे ठेवली आणि ते जेवायला गेले.

प्रोग्रॅम कुठे मेला ते लगेच सापडलं. बिल्टीत शेवटी शेऱ्याचा रकाना होता, 'माल नाजूक आहे' वगैरे लिहायला. त्यात साठ अक्षरांची जागा होती आणि साठ झाली की थांबवणारी तपासणी आम्ही घातलीच नव्हती. जास्त टाईप केलं की अक्षरं शेजारच्या जागेत सांडत जायची. तिथे बऱ्याच अंतरावर, प्रोग्रॅमने पुढे कुठे जायचं याचा पत्ता होता. अक्षरं पत्त्यावर चढली, प्रोग्रॅमने अक्षरांनाच पत्ता समजून तिकडे उडी मारली, आणि संपला. चूक आमची. शंकाच नव्हती.

मग मी डीबगरला सांगितलं, या जागेपासून पुढची मेमरी अक्षरांत दाखव.

पहिली ओळ होती: गुड मॉर्निंग सर. त्यापुढे 'मायसेल्फ' आणि बाईंचं नाव. त्यापुढे: ॲक्च्युअली सर, आय ॲम हँडलिंग द एन्टायर सिस्टीम.

मी ती ओळ वाचली आणि माझे कान तापले. आजूबाजूला कुणी नव्हतं तरी मी मान वळवून पाहिलं. खाली 'प्लीज डोन्ट टच' होतं, एकापाठोपाठ एक बरेचदा, मधेच 'प्लीज'चा तुकडा पाडून, जणू सूर पकडायचा प्रयत्न चालला होता. माझी टिंगल चालली होती की माझ्यासारखं बोलायचा सराव, ते मला कळेना. अजूनही मी खात्रीने सांगू शकत नाही. पण मी बाहेरून कशी ऐकू येते ते मला पहिल्यांदाच लिहिलेलं दिसत होतं, आणि ते फार वाईट दिसत होतं.

शेवटी आणखी दोन वाक्यं होती, तीही इंग्रजीत. माझा नवरा सिन्नरच्या कंपनीत आहे. मग तेच वाक्य पुन्हा, फक्त 'आहे'च्या जागी 'होता'. 'कंपनी' हा शब्द लिहिता लिहिताच पत्ता पुसला गेला होता. प्रोग्रॅम त्या शब्दावर मेला होता.

मला जेवढं समजायचं तेवढं समजलं. बाई दुसरीकडे मुलाखतीला जायची तयारी करत होत्या. त्या सबंध प्रोग्रॅममध्ये मनासारखं काही लिहिता येईल अशी जागा एकच होती, हा रकाना. रिकाम्या वेळात त्यात लिहायचं आणि सेव्ह न करता पुसून टाकायचं. त्या दिवशी लिहिणं फार लांबलं. आणि हा कागद छापून शेठच्या टेबलावर जाणार होता.

चालू प्रोग्रॅमची मेमरी डीबगरने बदलताही येते. एखादा आकडा चुकला असेल तर तिथल्या तिथे दुसरा लिहायचा आणि प्रोग्रॅम पुढे चालवून बघायचा. तो बदल प्रोग्रॅमबरोबर संपतो. कोअर फाइल मात्र एरवी फक्त वाचण्यापुरती उघडते. पण लिहायची मुभा देणारी एक आज्ञा आहे. ती आधी देऊन फाइल उघडली, तर तुम्ही लिहाल ते त्या फाइलमध्येच उतरतं आणि तिथेच राहतं. सरांनी मला ती शिकवली होती, कधी वापरू नको हे सांगण्यासाठी.

मी ती वापरली. बाईंच्या प्रत्येक अक्षरावर एक्स लिहिला. जागा तेवढीच भरलेली राहिली, पत्त्यावर चढलेली अक्षरंही एक्स झाली, त्यामुळे आमची चूक होती तशी दिसत होती. फक्त रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हातात मरताना जे होतं त्या भागात, जुन्या शब्दाची चार अक्षरं उरली. तिकडे कुणी बघत नाही. मग मी कागद छापला. मला कुणाचं तरी गुपित राखल्यासारखं वाटत होतं. पण त्यात बाईंचं किती आणि माझं स्वतःचं वाक्य पुसण्याची घाई किती, हे तेव्हाही मला नीट सांगता आलं नसतं.

संध्याकाळच्या आत सर आणि मी द्वारकेला पोचलो. शेठनी कागद टेबलावर पसरला, चष्मा चढवला. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत होती.

"हे काय, एक्स एक्स एक्स एक्स? पानभर एक्सच?"

सर वाकले. "ही बघा शेऱ्याची जागा. इथून पुढे सांडलंय. चूक आमची आहे शेठ, थांबवायला पाहिजे होतं. एक्स काय, बोट राहिलं असेल कीवर."

"बोट राहिलं?" शेठनी मान वर केली. "बाई, इकडे या. झोपला होतात का काय?"

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. पुसलेली जागा रिकामी दिसते असं मी धरून चालले होते. पण मी ती पुसली नव्हती, दुसऱ्या कशाने तरी भरली होती, आणि आता ते बाईंच्या नावावर जमा झालं होतं. दारात उभा असलेला हमाल म्हणाला, "ताईंनी सगळ्या मालावर फुल्या मारल्या शेठ, कायबी पाठवायचं नाय म्हणून," आणि दोघे-तिघे हसले.

बाईंनी कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. त्यांनी काय टाईप केलं होतं ते त्यांना माहीत होतं, आणि एक्स त्यांनी केले नव्हते. खोलीत आणखी एकच माणूस होतं ज्याला हे माहीत होतं. मी चपलेच्या पट्ट्याकडे बघत राहिले. मी बोलू शकले असते, पण बोलून जे बाहेर आलं असतं त्याने त्यांचीच नोकरी जाणार होती. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

"डोळा लागला असेल साहेब," बाई म्हणाल्या. "दुपारची वेळ होती."

"दुपारी झोप मलाही येते. पण माझ्या झोपेने गाडी अडत नाही." शेठनी कागदाची घडी घातली. "यांची चूक आहे म्हणतात म्हणून सोडतोय. परत असं नको. आणि साहेब, ती जागा बंद करा तुमची."

सर शेठबरोबर चहाला बाहेर गेले. मी शेऱ्याच्या रकान्यात तपासणी घातलेला नवा प्रोग्रॅम चढवायला बसले. बाई माझ्या शेजारी उभ्या. साठ अक्षरं झाली की आता टकटक आवाज येऊन पुढचं अक्षर उमटणार नव्हतं. मी ते करून दाखवलं.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "वाचलंत ना?"

मी मान डोलावली.

"तुमच्यावर हसत नव्हते हां मी. म्हणजे थोडं हसत होते. पण शिकत होते." मग आवाज आणखी उतरवून, "असं बोलले तर घेतील का मला? खरं सांगा. अंबडला एका ऑफिसात जागा आहे."

त्या खरंच विचारत होत्या. मला इतकं मोकळं वाटलं की एकदाचं आपल्याला काहीतरी चांगलं सांगता येईल म्हणून मी घाई केली. मराठीत, न अडखळता म्हणाले, "घेतील की. फक्त मिस्टरांची नोकरी सुटलीय ते सांगू नका. त्यांनी विचारलं तरच सांगा."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे थांबलं. माझी नक्कल मी वाचली असणार, एवढंच त्यांनी धरलं होतं. ते शेवटचं वाक्य अर्धवट राहिलं होतं, ते कुणापर्यंत पोचलं असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"तेही होतं त्यात?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, हमाल गेले होते का ते. मग पदर खांद्यावर नीट घेतला.

"इथे कुणाला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या आईला पण नाही."

"मी कुणाला..."

"हो, ते कळलं मला." त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "उठा मॅडम आता. मनमाडची गाडी लागलीय."

मी उठले. त्यांनी बिल्टी उघडली, नाव, गाव, नग भरले, आणि शेऱ्याचा रकाना आल्यावर काही न लिहिता पुढे गेल्या. मी पाठीमागे उभी राहून ते बघत होते. मग त्यांनी मान न वळवता विचारलं, "अजून काही बघायचं राहिलंय का?"