आधी सावर, मग झोपव

मालती गेल्याचं मला शरदनं, तिच्या नवऱ्यानं, फोनवर सांगितलं. मी गोव्यात, साखळी गावातल्या माझ्या दवाखान्यात पेशंट तपासत होतो. "विनायक, गेली रे," एवढंच तो म्हणाला. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंच्या दंडाला प्रेशरचा पट्टा तसाच राहिला होता. तो त्यांनीच सोडला, नीट गुंडाळून मेजावर ठेवला आणि म्हणाल्या, "दोतोर, तुमी घरा वचात", म्हणजे घरी जा. बातमी अनपेक्षित होती असं नाही. आठवडाभर ती व्हेंटिलेटरवर होती, आकडे रोज खाली जात होते आणि ते आकडे मला वाचता येत होते. तरीही, डॉक्टर असल्याचा अशा वेळी काही उपयोग होत नाही, हे पुन्हा एकदा कळलं...

आता महिना उलटून गेला. तिच्याविषयी लिहावं असं बऱ्याच जणांनी सुचवलं, पण तिला ओळखणारे तसे थोडेच. ती भूलतज्ज्ञ होती. पेशंट शुद्धीवर आला की त्याला ऑपरेशन करणारा डॉक्टर आठवतो. लोक त्याच्या घरी फणस पोचवतात, नारळ पोचवतात. झोपवणाऱ्या डॉक्टरचा चेहरा त्याच झोपेत पुसला जातो. मालतीला याचं कधी काही वाटलं नाही. "मी आठवले नाही म्हणजे माझं काम नीट झालं," असं ती म्हणायची. पण एक माणूस त्या झोपेतून उठलाच नाही, त्यानं तिला आठवावं की विसरावं हा प्रश्नच उरला नाही, आणि त्या माणसाला ती मात्र आयुष्यभर विसरली नाही. तिच्याविषयी लिहायचं तर त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

गोवा राज्य झालं त्या सुमाराला आम्ही दोघंही आमच्या तालुक्याच्या एका लहान इस्पितळात नोकरीला लागलो. मेडिकलला एकाच वर्गात होतो, त्यामुळे अरे-तुरेची ओळख जुनी. मी फिजिशियन, ती भूलतज्ज्ञ. कोंकणी की मराठी या वादानं तेव्हा घराघरांत उभी फूट पडली होती. मी मराठीवाला, तावातावानं भांडणारा. मालती पेडण्याची. तिच्या घरची बोली धड मालवणी नाही, धड कोंकणी नाही आणि दोन्हीही. डबा खाताना माझं भाषण सुरू झालं की ती शांतपणे म्हणायची, "विनायक, तोंडात नळी गेली की माणूस मराठीही बोलत नाही नि कोंकणीही." आम्ही सगळे हसायचो. ते वाक्य आपल्यालाच इतकं लागणार आहे, हे तिलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

गोविंद खनिजाचा ट्रक चालवायचा. घर पेडणे तालुक्यातल्या एका खेड्यात, काम डिचोलीच्या खाणीवर. ऐन दुपारी त्याच्या सोबत्यांनी त्याला इस्पितळात आणलं तेव्हा दोन्ही फुफ्फुसं न्यूमोनियानं भरली होती, ओठ निळे पडले होते, आणि हा तगडा माणूस श्वासासाठी खाटेवर उठून बसत होता, पडत होता, पुन्हा उठत होता. त्याच्या श्वासनलिकेत नळी घालून, हातानं पिशवी दाबत श्वास देत त्याला पणजीला पोचवायचं, एवढाच मार्ग होता. मी मालतीला बोलावलं. शुद्धीतल्या माणसाच्या घशात नळी जात नाही, आधी त्याला झोपवावं लागतं. कशानं झोपवायचं, हे ठरवायला तिला घोटभर पाणी पिण्याइतकाच वेळ होता.

पेंटोथाल आणि केटामिन, झोपेची दोन्ही औषधं तिच्याजवळ होती. पेंटोथालनं माणूस पटकन आणि गाढ झोपतो, पण त्यानं प्रेशर उतरतं. केटामिन प्रेशर सांभाळतं, पण त्यानं तोंडात लाळ सुटते, भलतीसलती स्वप्नं पडतात, आणि धडपडणाऱ्या माणसाला ते देऊ नये असं आमच्या वरिष्ठांचं मत. गोविंदचं प्रेशर आधीच कमी होतं. मालतीनं वरिष्ठांनी शिकवल्याप्रमाणे पेंटोथाल घेतलं, नेहमीपेक्षा कमी. ती सुई लावत असताना त्यानं तिचं मनगट पकडलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण दम पुरत नव्हता. ती मऊपणानं म्हणाली, "आता बोलू नकात. बरे झालात की मागीर सांगा."

नळी पहिल्याच प्रयत्नात गेली. तिचा हात त्याबाबतीत फार सुरेख होता. पण प्रेशर उतरत गेलं ते थांबलंच नाही. आम्ही सलाईन सोडलं, औषधं दिली, आळीपाळीनं छाती दाबत राहिलो. गोविंद परत आला नाही.

सगळे म्हणाले, तो गेलाच असता. वरिष्ठ म्हणाले, मी म्हणालो, सिस्टर म्हणाल्या. कदाचित ते खरंही होतं. मालती ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. मग एका रविवारी तिनं मला विचारलं, "पेडण्याला येतोस?" माझ्या स्कूटरवरून आम्ही कोलवाळचा पूल ओलांडून गोविंदच्या घरी गेलो. त्याची बायको रुक्मिणी दारातच बसली होती. तिनं आम्हाला सोप्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि एकच गोष्ट विचारली.

"बाये, जाताना तो काय बोललो?"

मालतीला खोटं बोलता आलं असतं. तुमचं नाव घेतलं, मुलांची आठवण काढली, असं काहीही. ती म्हणाली, "बोलूक बघत होतो. मीच नको म्हटलंय."

रुक्मिणी तिच्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमका तरी काय ठावक..." आणि चहा ठेवायला आत गेली. परतताना पुलावर मालती मागून म्हणाली, "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं रे."

त्यानंतर ती बदलली. म्हणजे वरून तशीच राहिली, पण वाचायला लागली, मुंबईच्या मैत्रिणींकडून नियतकालिकं मागवायला लागली. तिला जे सापडलं ते तिनं मला असं समजावलं होतं: श्वासासाठी झगडणाऱ्या माणसाची जी धडपड आपल्याला थांबवायची असते, त्याच धडपडीनं त्याचं प्रेशर धरून ठेवलेलं असतं. आपण त्याला झोपवतो म्हणजे त्याच्या हातातली दोरी सोडवून घेतो. मग ती दोरी आधी आपण धरायला नको का? तेव्हापासून तिचा नियम ठरला. आधी सलाईन, प्रेशर वाढवणाऱ्या औषधाची धार आधी सुरू, आणि मग झोपेचं औषध, तेही थोडं. नव्यानं येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ती हेच सांगायची, "आधी सावर, मग झोपव." प्रेशर खचलेल्यांना ती केटामिन द्यायला लागली. काही वर्षांनी एटोमिडेट आलं, ते हृदयाला सौम्य. मग त्यानं शरीराची झुंजण्याची ताकद कमी होते असं कोणी लिहिलं, पुढे ते कोणी खोडलं, पुन्हा कोणी मांडलं. मालती प्रत्येक वेळी सगळं वाचायची. आम्हाला वाटायचं, ती शिकते आहे. ती खरं तर शोधत होती... त्या दुपारी काय द्यायला हवं होतं, ते.

आणि दुसरा नियम. औषध देण्याआधी ती घरच्या माणसाला खाटेजवळ बोलवायची. "काय बोलायचं ते बोलून घ्या. नळी घातली की थोडे दिवस बोलता येणार नाही," एवढंच सांगायची आणि सिरिंज हातात धरून दोन पावलं मागे सरकायची. श्वास अगदीच तुटत असेल तर थांबायची नाही, पण थोडी जरी सवड असली तरी ती द्यायचीच. काही सहकारी कुरकुरायचे. त्या सवडीत मी लोकांना फार मोठं काही बोलताना ऐकलेलं नाही. गुरांना पाणी दाखव, धाकटीला शाळेतून आण, असलंच काही. पण ऐकणाऱ्याचा चेहरा बदलायचा.

मग बेळगावकडचा एक गवंडी आला. गोविंदसारखाच न्यूमोनिया, तसंच उतरलेलं प्रेशर. मालतीनं सगळं तिच्या नियमानं केलं. सलाईन दिलं, औषधाची धार लावली, भावाला आत बोलावलं, केटामिन मोजून कमी दिलं. तरीही तो गेला, तसाच, नळी घातल्यावर थोड्याच वेळात.

त्या संध्याकाळी मी मये गावी मालती-शरदच्या घरी गेलो. शरद आत स्वयंपाक करत होता. मालती तळ्याकडच्या खिडकीशी बसली होती. "इतकी वर्षं मला वाटायचं, केटामिन दिलं असतं तर गोविंद वाचला असता," ती म्हणाली. "वाईटच होतं ते वाटणं. पण निदान काहीतरी ठरलेलं होतं. माझी चूक होती, असं धरून चालता येत होतं. आता तेही गेलं. माझी चूक होती की नव्हती, हे मला आता कधीच कळणार नाही."

मी म्हणालो, "तू आता त्यातून सुटायला हवंस."

"कुणी सोडवायचं?" तिनं विचारलं. तिनं ते चिडून विचारलं नव्हतं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

निवृत्तीनंतर तिला रक्ताचा विकार जडला. उपचारांनी प्रतिकारशक्ती गेली आणि अखेरीस न्यूमोनियानंच गाठलं. पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात तिला हलवलं तेव्हा मी आणि शरद सोबत होतो. अतिदक्षता विभागात डॉक्टर नेहा होती, मालतीकडेच शिकलेली, आता स्वतः तिथली वरिष्ठ. सलाईन चाललं होतं, प्रेशरच्या औषधाची धार लागली होती. सगळं मालतीनं शिकवल्याप्रमाणे. तरीही नेहा खाटेशी वाकली आणि तिनं विचारलं, "मॅडम, केटामिन देऊ की एटोमिडेट?"

मालतीनं मास्क जरा बाजूला केला. बोलायला तिला फार वेळ लागला. "तू ठरव," ती म्हणाली. मग श्वास गोळा करून पुढे, "जे देशील... ते मीच मागितलं होतं, असं समज."

नेहानं मान हलवली. मग शरदला पुढे बोलावलं आणि सिरिंज घेऊन ती दोन पावलं मागे झाली. तो नुसता तिचे केस मागे सारत राहिला. शेवटी मालतीच म्हणाली, "जेवून घे." तिचं हे शेवटचं बोलणं. नेहानं केटामिन दिलं. नळी व्यवस्थित गेली, प्रेशर टिकलं, पण फुफ्फुसं सावरली नाहीत.

दिवस-कार्य उरकल्यावर एका सकाळी मी मयेला गेलो तर नेहा आधीच तिथे आलेली. सोप्यावर बसली होती, डोळे सुजलेले. शरदनं तिच्यापुढे पेज ठेवली होती, वर लोणच्याची फोड. ती चमच्यानं पेज ढवळत होती. मला पाहून म्हणाली, "सर, एटोमिडेट दिलं असतं तर? मॅडमचं हृदय थकलेलं होतं. मी रोज तेच पुन्हा पुन्हा..."

'त्या गेल्याच असत्या' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं. ते किती निरुपयोगी असतं हे मी एका मैत्रिणीच्या अख्ख्या आयुष्यात पाहिलं होतं.

बोलला तो शरद. तो काही डॉक्टर नाही, शाळेत चित्रकला शिकवायचा. "नेहा, तिनं तुला काय सांगितलं होतं? मी तिथंच होतो. ते औषध तिनं मागितलं होतं. तू दिलंस." पेज तिच्यापुढे सरकवत तो म्हणाला, "तिला असं कुणी सांगितलं नाही बघ. सांगू शकणारा तो गोविंद आधीच गेला होता."

नेहा रडली नाही. तिनं पेजेचे दोन-चार घास घेतले. तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. तिनं ऐकलं, प्रेशर किती आहे ते विचारलं. "सलाईन लावा, धार सुरू करा. मी येईपर्यंत झोपवू नका. आणि घरचं कोणी असेल तर त्यांना आत बसवा," असं सांगत ती चपला घालून निघालीसुद्धा.

तिची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत शरद पायरीवर उभा होता. मग आत आला आणि तिची अर्धी राहिलेली पेज त्यानं ताटलीनं झाकून ठेवली.