झडत्यांची वेबसाइट आणि थांबाभाऊ

थांबाभाऊंच्या टेबलाशी आलेला माणूस पटकन उठून गेला, असं मी कधी पाहिलं नाही. तो निघू लागला की ते एखादं कोडं टाकत. ‘थांबा ना जी, उत्तर त देऊन जा!’ आणि पाहुणा पायातल्या चपलांसकट पुन्हा बसे. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आम्ही आर्णीत शेतकऱ्यांसाठी वेबसाइट चालवत होतो. रोजचा भाव आणि फवारणीचा सल्ला. आखणी माझी, बांधणी थांबाभाऊंची. गावोगावच्या संगणक केंद्रांवर लोक यायचे, भाव बघायचे, एक शिवी हासडायचे आणि जायचे. सल्ला कुणी वाचेना. पैसे पुरवणारी पुण्याची संस्था म्हणाली, लोक साइटवर थांबत नसतील तर या हंगामानंतर मदत बंद. थांबाभाऊंची आई बोरी अरबला एकटी होती. नोकरी गेली तर त्यांना गाव सोडावं लागणार होतं.

मी लगेच सुधारणांची यादी केली: अक्षरं मोठी, वाक्यं छोटी, फोटो कमी. त्यांनी ती आदरानं वाचली. ‘ताई, तुमी लोकायले निस्ता काढा पाजून राह्यल्या. थोडासा गूळ त लावा!’

गूळ त्यांना पोळ्याच्या सणात सापडला. तोरणाखाली बैल उभे, आणि समोरासमोरचे दोन गट झडत्या, म्हणजे यमक जुळवलेले टोमणे, म्हणत एकमेकांची टर उडवताहेत. घरी जायचं कुणाच्याच मनात नाही. थोड्याच दिवसांत आमच्या साइटवर बोरीवाल्यांची झडती झळकली:

‘आर्णीचा बैल हाले ना चाले,
बोरीवाले ढकलाले आले!’

उत्तर गावाच्या नावानं लिहायचं. पण आधी चित्रातल्या कपाशीवरच्या अळ्या टिपायच्या. चुकून मित्रकीटक टिपला की गावाचा गुण कापला. आर्णीनं त्याच दिवशी परतफेड केली:

‘ढकलता ढकलता बोरीवाले थकले,
बैलानं त्यायचे फेटे चाखले!’

मग कुणाला आवरणार? बोरीच्या एका काकांनी केंद्रावरून फोन केला. ‘भाऊ, मी भाव पाहाले आलतो अन् आर्णीवाल्यायशी भांडून राह्यलो. बायको डबा घेऊन इथंच आली!’

‘मंग काकू खेयल्या का नाही?’

‘खेयली ना! आर्णीकडून. तिचं माहेर हाय बे तिकडं!’

अळी ओळखता येऊ लागली तसे लोक सल्लाही वाचू लागले. लोक साइटवर किती वेळ थांबतात, याच्या मोजणीचा आठवडा संस्थेनं ठरवला. नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं आणि बाजारात कापसाची खरेदी बंद राहणार असल्याचा निरोप आला. थांबाभाऊंनी खेळ काढून टाकला. पानावर मोठ्या अक्षरांत एवढंच ठेवलं: ‘खरेदी बंद. गाडी काढू नका. कापूस झाका.’

मी म्हटलं, ‘भाऊ, याच आठवड्यात मोजणी आहे.’

‘ठाव हाय. पन आज मानूस इथं रमला त त्याचा कापूस भिजते, ताई.’

वाद घालण्यात वेळ घालवला नाही. केंद्रांचे फोन नंबर आम्ही वाटून घेतले. लोक आले, ओळ वाचली, पळाले. दुपारी पाऊस कोसळला. बऱ्याच जणांचा कापूस वाचला. आमचे आकडे मात्र पार आपटले.

पुण्याच्या साहेबांनी विचारलं, ‘लोक लगेच निघून का गेले?’

थांबाभाऊ आनंदानं म्हणाले, ‘कापूस झाकाले गेले जी!’

त्यांच्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. हंगामाबरोबर साइट संपली.

थांबाभाऊ आईला घेऊन पुण्याला गेले. आता एका मोठ्या कंपनीत खेळ बनवतात. पगार चांगला आहे, आईही रुळली आहे. मागे फोनवर म्हणाले, ‘ताई, इथं मानसाले अडकवून ठेवाच्या लई युक्त्या हायत. पन त्याले सोडाचं कवा, हे कोनी इचारतच नाही.’

मी विचारते. आता मी काम करते तिथं वेबसाइट बनवून द्यायला कुणी आलं की पहिला प्रश्न हाच. बहुतेक जण हसतात. जो विचारात पडतो, त्याला मी काम देते.