आधी टकटक, मग नमस्कार

परतूरचे आमचे मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टकटक करतात, मग नमस्कार. जुन्या घरांच्या दुरुस्तीचं ट्रेनिंग घेऊन आल्यापासून तर हे फारच वाढलं. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तिथंही पोह्यांची बशी हातात धरून भिंत वाजवत बसले.

परवा आमच्याकडे आले. त्यांनी टकटक केली, कान लावला आणि झोपलेल्या वडिलांची बाज, वडिलांसकट, अंगणात ओढून नेली.

"अहो, काय करून राह्यले तुम्ही?" मी ओरडलो.

"गिलावा पोकळ हाय. बोलत बसलो तर..."

तेवढ्यात आत, बाजेच्या जागेवरच, गिलाव्याचा भला मोठा ढपला धपकन पडला. मिस्त्रींनी खिशातला मास्क वडिलांच्या तोंडाला लावला आणि मग माझ्याकडे वळून हात जोडले.

"नमस्कार."