मॉसीच्या हातचा चहा

आधी ब्रेंडनकाकांचं नाव, मग बाकीचं. टॅलामध्ये (डब्लिनच्या दक्षिणेचं हे मोठं उपनगर) ते माझ्या शेजारच्या दारात राहतात. आयुष्यभर बस चालवली, आता निवृत्त. पहिल्या हिवाळ्यात तंदूरवर माझा हात भाजला, तेव्हा दवाखान्यात हेच माझ्या शेजारी बसून राहिले. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. जे मला बोलता येत नव्हतं, ते सगळं त्यांनी नर्सला सांगितलं. मी "थँक्यू सर" म्हणालो, तर म्हणाले, "सर तर मी माझ्या बापालाही म्हटलं नाही." हॉटेलचं स्वयंपाकघर आणि भाड्याची खोली, यापलीकडचा आयर्लंड मला दिसला तो त्यांच्यामुळे. गॉलवेसुद्धा.

ब्रेंडनकाका बेसबॉल खेळतात. त्यांच्या संघात सगळे पन्नाशीपुढचे गडी. गॉलवेच्या सामन्याच्या आठवड्यात एकाची कंबर धरली आणि नऊचे आठ राहिले. नऊ नसतील तर न खेळताच हार. काका माझ्या दारात आले.

"दत्ता, तू पन्नाशीचा ना? क्रिकेट खेळलायस?"

"लहानपणी. बार्शीला."

"मग झालं. यू आर ग्रँड!" (ग्रँड म्हणजे उत्तम, ठीक, चालेल, मरेनास का, सगळंच.)

या सामन्याचा एक रिवाज आहे. पोचे पडलेली एक जुनी किटली जिंकणाऱ्या कप्तानाच्या घरी राहते, आणि सामन्यानंतर तिच्यातला चहा हरणाऱ्या कप्तानाने स्वतःच्या हाताने ओतून द्यायचा. बरोबरी झाली तर किटली असते तिथेच राहते आणि ओतायचं दुसऱ्या कप्तानाने. ती कित्येक वर्षं गॉलवेच्या मॉसीकडे आहे. मॉसी म्हणजे निवृत्त पोस्टमन, ब्रेंडनकाकांचा जुना दोस्त आणि जुना वैरी. काका दरवर्षी ओतत आलेले. पुढच्या महिन्यात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. "हा माझा शेवटचा सामना," ते म्हणाले, "एकदा मॉसीच्या हातचा चहा पिऊन थांबायचं." हे ऐकल्यावर मला रात्री धड झोप लागेना.

रविवारी सकाळी निघालो. त्याआधी गाडीजवळच काकांनी मला धडा दिला. चार कोपऱ्यांवर चार पांढऱ्या गाद्या असतात, त्यांना बेस म्हणायचं; जिथून मारायचं तो चौथा म्हणजे घर, तिन्ही फिरून तिथे परतलं की एक धाव. चेंडू मारायचा आणि पहिल्या बेसकडे पळायचं. चेंडू तिथल्या माणसाच्या हातात पोचायच्या आत आपला पाय बेसवर पडला पाहिजे. "बॅट टाक, पळ, पाय ठेव," काका म्हणाले. मी ते तोंडपाठ केलं, जसे शाळेत पाढे करायचो. पाढ्यांचं पुढे काय झालं ते ठाऊकच आहे.

मेनूथ मागे पडलं. आमच्या हॉटेलात बिर्याणी खायला येणारी पुण्याची पोरं तिथे शिकतात. पुढे नुसतं हिरवं, मग हिरव्यात दगडी बांध दिसायला लागले. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड रचलेला. आमच्याकडच्या शेतातल्या ताली आठवल्या. फक्त इथे बांधापलीकडे बाभळ नव्हती, मेंढ्या होत्या. एका ठिकाणी चहाला थांबलो. मी डबा उघडला, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. काकांनी पावाला लोणी लावलं, त्यावर चटणी पसरली, वर बटाट्याचे वेफर्स दाबले आणि घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"हे काय आहे?"

"चटणी. बायकोने पाठवलीय."

"तिला सांग, सगळी मी संपवणार आहे."

गॉलवेचं मैदान म्हणजे फुटबॉलच्या कुरणाचा एक कोपरा. समुद्राकडून वारा यायचा आणि टोप्या उडायच्या. मॉसी सहा फुटी, पांढऱ्या मिशांचा. काकांना बघताच ओरडला, "आलास का म्हाताऱ्या? किटली घासून ठेवलीय!"

"तू कप घास," काका म्हणाले. मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले आणि किती तरी वेळ सुटले नाहीत.

नाणेफेकीत आम्हाला दर डावात दुसरी बॅटिंग मिळाली. खेळ चालला तो असा, की दर पळण्यामागे कुणाचा तरी गुडघा वाजायचा आणि दोन्ही संघ त्याची चौकशी करायचे. शिव्या आणि विचारपूस एकाच श्वासात. मी लांब कोपऱ्यात उभा राहून चेंडू माझ्याकडे येऊ नये म्हणून बार्शीच्या भगवंताला साकडं घालत होतो.

शेवटचा डाव. धावा बरोबरीत, आमचे दोन गडी बाद. तिसऱ्या बेसवर ब्रेंडनकाका खुबा धरून उभे. ते घरी पोचले की जिंकलो. आणि बॅटिंगला मी.

मॉसीने चेंडू टाकला. मी मारला. अंगाला आठवलं ते गिरणीमागचं मैदान, भोंगा होईपर्यंतचे सामने. चेंडू जमिनीवरून उसळत दूर गेला. मी पळालो. मागून ओरडा ऐकू आला, काकांनी घर गाठलं होतं. चेंडू पहिल्या बेसकडे येताना दिसला. मी अंग झोकून दिलं आणि टेकवली.

बॅट.

बॅटचं टोक बेसवर, आणि माझा पाय दीड हात मागे. गिरणीमागे आम्हा सगळ्यांत एकच बॅट होती. ती टाकून पळायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि टेकवली की वाचलो. इथे चेंडू त्या गड्याच्या ग्लव्हमध्ये धप्पकन बसला. पंच म्हणाले, आउट. तिसरा गडी गेला की डाव संपतो, आणि तो पहिल्या बेसच्या आधीच गेला तर त्या चेंडूवरची धाव धरत नाहीत, म्हणजे काकांची धावही गेली. ते दोन्ही हात वर करून उभे होते. हात हळूहळू खाली आले.

तेवढ्यात पावसाने मैदान घेतलं. आणखी एक डाव खेळता आला असता, पण तेवढे गुडघे कुणाकडे उरले नव्हते. बरोबरी. किटली मॉसीकडेच.

शेडमध्ये काका ओतायला उठले. मी पुढे झालो. "काका, मी ओततो."

"खाली बस," ते म्हणाले. "रिवाज कप्तानाचा आहे."

मॉसीने कप पुढे केला. "ब्रेंडन, तुझा नवा गडी बॅटने बेस इस्त्री करत होता का रे?" सगळे हसले. काकाही हसले, पण ओतताना थोडा चहा बशीत सांडला.  मॉसीने बशी उचलून ओठाला लावली.

परतताना मेंढ्या अंधुक झाल्या होत्या. मी सॉरी म्हणायला शब्द जुळवत होतो. काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "जिंकलो असतो तर आज सोडलं असतं. आता नवा खुबा घेऊन परत यावं लागणार. सगळी तुझी करणी." आणि चटणीचा डबा मागितला.

आता रोज कामावर जायच्या आधी मी मागच्या गल्लीत पळतो. हातात लाटणं असतं. ते टाकतो, पळतो, पाय ठेवतो. शेजारची बाई पडद्याआडून बघते, बघू दे. ब्रेंडनकाका, दवाखान्यातल्या त्या दिवसाची परतफेड माझ्याकडून अशीच होणार आहे. एक दिवस मॉसी ओतेल आणि तुम्ही बसून प्याल. त्या दिवशी माझी बॅट मागे गवतात पडलेली असेल.